साहेबांनी घरी लिहिलेली पत्रे: इतिहासासाठी ती कशी वाचावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनवर प्रबंध लिहायचा आहे. सरकारी अहवाल आणि गॅझेटिअर हाताशी आहेत. मार्गदर्शकांनी सुचवले आहे की इंग्रज अधिकाऱ्यांनी विलायतेत आपल्या घरी धाडलेली खाजगी पत्रेही पाहावीत. ती कुठे मिळतात, वाचायची कशी आणि त्यांच्यावर विसंबायचे किती? शिवाय तुम्ही असेही विचारले आहे की घरच्या माणसांशी कोणी खोटे बोलत नाही, तेव्हा ही पत्रे अहवालांपेक्षा जास्त खरी मानायची का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही, तसे मानू नका. अशी पत्रे वाचण्यात आणि उतरवून काढण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे. त्यातून एक सवय लागली, तीच तुम्हाला सांगतो: मजकुराच्या आधी मायना पाहायचा. अहवाल लिहिणाऱ्यापुढे वरिष्ठ असतो, तशी पत्र लिहिणाऱ्यापुढे आई असते, बाप असतो, बहीण असते, शाळेत ठेवलेले पोर असते. प्रत्येकाला काय आवडेल, काय झेपेल, काय कळू द्यायचे नाही, याचा हिशेब लेखणीत असतोच. तो हिशेब ओळखता आला, तर ही पत्रे अतिशय मोलाची आहेत.

मेकॉलेचे उदाहरण घेऊ, कारण त्याच्या नावावर आपल्याकडे एक मजकूर सतत फिरत असतो: मी हिंदुस्थान उभा-आडवा फिरलो, एकही भिकारी किंवा चोर पाहिला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, वगैरे. हे भाषण त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केले, असे खाली लिहिलेले असते. त्या तारखेला मेकॉले कलकत्त्यात होता. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या आपल्या प्रसिद्ध टिपणावर त्याने त्याच दिवशी सही केली आणि त्या टिपणात ही वाक्ये नाहीत. टिपणातली खरी वाक्ये आपल्याला झोंबायला पुरेशी आहेत, बनावट मजकुराची गरजच नाही. प्रबंधात ते अवतरण कुठून शिरले असेल तर आजच काढून टाका.

खऱ्या पत्रांकडे वळू. १२ ऑक्टोबर १८३६ रोजी मेकॉलेने वडिलांना, झॅकरी मेकॉले यांना, पत्र लिहिले. एकट्या हुगळीत चौदाशे मुले इंग्रजी शिकत आहेत असे त्यात तो सांगतो. शिक्षणाची ही योजना नीट चालली तर तीस वर्षांनी बंगालमधल्या प्रतिष्ठित वर्गात एकही मूर्तिपूजक उरणार नाही आणि त्यासाठी धर्मांतराचा खटाटोपही करावा लागणार नाही, असेही म्हणतो. हे वाक्य शेकडो लेखांत आले आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते सरकारचे छुपे धोरण म्हणून येते. आता मायना पाहा. झॅकरी मेकॉले हे गुलामगिरीविरुद्ध आयुष्य झिजवलेले, कट्टर इव्हँजेलिकल, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराला वाहिलेल्या पंथाचे गृहस्थ. मुलाची धर्मनिष्ठा त्यांच्याइतकी पक्की कधीच नव्हती. वृद्ध बापाला मुलगा सांगतो आहे की मी जे करतो आहे ते शेवटी तुमच्याच मार्गाला जाऊन मिळणार आहे. या वाक्याचे वजन ठरवताना हे बाप-लेकाचे नाते तराजूत घालावेच लागते. मेकॉलेला असे वाटतच नव्हते, असे मी म्हणत नाही. इतकेच म्हणतो की हे वाक्य धोरणाचा पुरावा म्हणून एकटे उभे राहत नाही. त्याच्या शेजारी टिपण, कौन्सिलचे कागद आणि शिक्षण समितीचा पत्रव्यवहार ठेवावा लागतो.

याच माणसाची दुसरी पत्रे बहिणींना लिहिलेली आहेत. हॅना आणि मार्गारेट या दोघींवर त्याचा विलक्षण जीव होता. हॅना त्याच्याबरोबर हिंदुस्थानात आली आणि डिसेंबर १८३४ मध्ये चार्ल्स ट्रेव्हेलियन या कंपनीच्या अधिकाऱ्याशी तिचे लग्न झाले. मार्गारेट इंग्लंडमध्येच होती. ऑगस्ट १८३४ मध्ये ती तापाने गेली आणि ती बातमी कलकत्त्याला पोहोचली जानेवारी १८३५ मध्ये. मधले जवळजवळ पाच महिने मेकॉलेच्या लेखी ती जिवंतच होती. बातमी आली आणि काही आठवड्यांतच त्याने ते टिपण लिहिले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका मित्राला लिहिताना तो सांगतो की गेल्या महिन्याइतका क्लेशदायक महिना आयुष्यात आला नव्हता. सरकारी दप्तरात त्या महिन्याची काहीच खूण नाही. टिपण वाचून कोणाला वाटेल की हा माणूस पूर्ण आत्मविश्वासात, निश्चिंतपणे लिहितो आहे. खाजगी पत्रे नसती तर त्या दिवसांची ही दुसरी बाजू आपल्याला कधी दिसलीच नसती. टिपणामुळे जे नुकसान झाले ते यामुळे कमी होत नाही, आणि मेकॉलेला सहानुभूती मिळावी म्हणूनही मी हे सांगत नाही. कागद लिहिणारा माणूस त्या दिवशी कुठल्या अवस्थेत होता, हे कळण्याची सोय फक्त याच साधनात आहे.

‘आईला लिहिताना मुलगा क्रूर गोष्टी लपवतो’ असा नियम बनवण्याचा मोहही टाळा. फ्रेडरिक रॉबर्ट्स, पुढे फील्ड मार्शल झालेला, १८५७ मध्ये बंगाल तोफखान्यात लेफ्टनंट होता. जून १८५७ मध्ये त्याने आईला जे लिहिले ते वाचवत नाही. बंड केलेल्या शिपायांना तोफेच्या तोंडी देण्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो, दृश्य भयंकर असते, पण अशा दिवसांत फार चोखंदळ राहून चालत नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. आपल्या आईला! त्याची ही पत्रे तो वारल्यावर १९२४ मध्ये छापली गेली. या पत्रातून शिपायांच्या शिक्षेची माहिती तर मिळतेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट कळते: ही माहिती घरच्या बैठकीत वाचली जाईल आणि कोणी हरकत घेणार नाही, अशी त्याची खात्री होती. त्या समाजाला त्या घडीला काय चालत होते, हे याहून स्पष्टपणे कुठला अहवाल सांगेल?

तेव्हा मायना पाहिला. आता तारीख पाहा. पत्र लिहिल्याची तारीख आणि ते पोहोचल्याची तारीख, दोन्ही. शिडाच्या जहाजांच्या काळात केप ऑफ गुड होपला वळसा घालून पत्र जायला पाच-सहा महिने लागत आणि उत्तर यायला तितकेच. ‘ह्यू लिंडसे’ नावाची वाफेवरची बोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुटून महिन्याभरात सुएझला पोहोचली, आणि तिथून खुष्कीने भूमध्य समुद्राकडे टपाल नेण्याचा रस्ता हळूहळू रुळला. १८६९ मध्ये कालवा झाला. पुढे इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत रेल्वेने टपाल नेऊ लागले. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईची विलायती मेल दर आठवड्याला निघू लागली, आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या बंगल्यांचा आठवडा त्या दिवसाभोवती फिरू लागला. अनेक पत्रे अर्ध्यावर तुटल्यासारखी संपतात, कारण टपाल घेऊन जाणारा माणूस दारात उभा असतो. २५ डिसेंबर १८९८ पासून साम्राज्यभर एका पेनीत पत्र जाऊ लागले, हिंदुस्थानातून एका आण्यात. तेव्हापासून पत्रांची संख्या वाढलेली आणि प्रत्येक पत्र लहान झालेले तुम्हाला दिसेल.

यातून वाचनाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, जुन्या पत्रांवर क्रमांक असतात. टपाल उलटसुलट पोहोचे, बोट बुडे, म्हणून लोक पत्रांना आकडे घालत आणि महत्त्वाच्या मजकुराच्या दोन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. एका संग्रहात बारानंतर थेट पंधरा क्रमांक आला, तर मधली दोन पत्रे हरवली की कोणी काढून टाकली, याचा शोध घ्या. दुसरी गोष्ट तारेची. समुद्री तार १८६५ मध्ये इराणी आखातामार्गे कराचीला आणि १८७० मध्ये एडनमार्गे मुंबईला जोडली गेली. त्यानंतर जन्म, मृत्यू, बदली या बातम्या तारेने जाऊ लागल्या. पत्राचे काम बातमी सांगण्याचे उरले नाही, तपशील सांगण्याचे झाले. म्हणून १८७० नंतरची पत्रे घरगुती तपशिलाला जास्त समृद्ध आहेत आणि घडामोडींना कमी.

१८५७ चे उदाहरण शिडाची जहाजे आणि समुद्री तार यांच्या मधल्या काळातले आहे. मीरतचा उठाव १० मे चा, लंडनला बातमी कळली जूनच्या अखेरीस. पुढचे कित्येक महिने लंडनची वर्तमानपत्रे घरोघरी आलेली खाजगी पत्रे मिळवून छापत होती. इंग्रज बायकांवर अत्याचार झाल्याच्या भीषण कथा बहुतांशी याच वाटेने पसरल्या. लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या ऐकून लिहिल्या होत्या. आग्र्याच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख विल्यम म्यूर याने त्याच वर्षी अधिकाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा कत्तली झाल्या होत्या हे खरे असले तरी अब्रू घेतल्याच्या कथांना आधार मिळाला नाही. तोपर्यंत सूड घेऊन झाला होता. म्हणून पत्रात काही भयंकर वाचले की स्वतःला विचारा: हा त्या जागी होता का? नसल्यास त्याच्यापर्यंत हे कोणी पोहोचवले?

आता सगळ्यात मोठी अडचण सांगतो, जिच्याकडे नवे अभ्यासक हमखास दुर्लक्ष करतात. आपल्याकडे संवादाची एकच बाजू आहे. हिंदुस्थानातून गेलेली पत्रे विलायतेत आईने जपली, फीत बांधून खणात ठेवली, नातवंडांनी ती ग्रंथालयाला दिली. विलायतेतून इकडे आलेली पत्रे वाळवीने, पावसाळ्याने, दर दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या बदल्यांनी खाल्ली. त्यामुळे एखादा असिस्टंट कलेक्टर धारवाडहून किंवा धुळ्याहून ‘तू विचारलेस त्याचे उत्तर’ म्हणून पानभर लिहितो, आणि काय विचारले होते ते गेलेले असते. पत्राचा पहिला परिच्छेद बहुधा पोच देणारा असतो: तुझी अमुक तारखेची दोन पत्रे एकदम मिळाली, अमक्याच्या लग्नाचे कळले, तू माझ्या प्रकृतीची काळजी करू नकोस. बहुतेक लोक हा भाग ओलांडून पुढे जातात. मी तो दोनदा वाचतो, कारण हरवलेल्या पत्रांचा माग तिथेच लागतो.

आणि काही माणसे या पत्रांत येतच नाहीत. हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने तिथल्या उमराव घराण्यातल्या खैरुन्निसाशी लग्न केले होते. आपल्या सावत्र भावाला, विल्यमला, तो अगदी मोकळेपणाने लिहीत असे, तरी हे प्रकरण त्याने सुरुवातीला त्याच्यापासूनही दडवले. त्यांची दोन मुले १८०५ मध्ये मद्रासहून जहाजाने इंग्लंडला आजोबांकडे धाडली गेली. मुलगी तीन वर्षांची, मुलगा थोडा मोठा. त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. खैरुन्निसाला मुले पुन्हा कधी दिसली नाहीत. ती १८१३ मध्ये गेली.

ही हकीकत इथेच थांबली असती. पण ती मुलगी, किटी, इंग्लंडमध्ये मोठी झाली, तिचे लग्न झाले, आणि १८४१ मध्ये तिचा हैदराबादेत हयात असलेल्या आजीशी, शरफुन्निसाशी, पत्रव्यवहार सुरू झाला. आजी फारसीत मजकूर सांगे, मुनशी लिहून घेई, रेसिडेन्सीतला एक अधिकारी भाषांतर करून पुढे धाडी. निरोपाच्या वेळी आई कशी रडत होती हे किटीला तेव्हाही आठवत होते. तिने आजीला आपल्या केसांची बट पाठवली. पस्तीसहून अधिक वर्षांनंतर, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना! साहेबांच्या पत्रांच्या राशी वाचताना ही उलट दिशेची पत्रे डोळ्यांपुढे ठेवा. अशी फार थोडी उरली आहेत. जिथे ती नाहीत तिथे मृत्युपत्रे पाहा. घरच्या पत्रात ज्या बाईचे नाव कधी आले नाही तिला मृत्युपत्रात पैसे ठेवलेले सापडतात, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव सापडते, आईच्या नावाची जागा मात्र अनेकदा रिकामी असते.

पैशाचा विषय या पत्रांत जागोजाग येतो आणि तो कंटाळवाणा वाटून सोडला जातो. सोडू नका. अधिकाऱ्याला पगार रुपयांत मिळे, घरी पाठवायचे ते पौंडांत: मुलांची फी, बायकोचा तिथला खर्च, म्हाताऱ्या आईला काही. १८७० च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता. चांदीचा भाव पडत गेला आणि १८९० च्या दशकात रुपया सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि दशकाच्या अखेरीस दर एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. हिशेब करून पाहा. दोन शिलिंगांच्या दराने घरी शंभर पौंड पाठवायला हजार रुपये लागत, एक शिलिंग चार पेन्सच्या दराने दीड हजार. म्हणून १८८० च्या दशकातल्या पत्रांत हुंडणावळीचे, म्हणजे रुपया-पौंडाच्या दराचे, रडगाणे सतत आहे: रजा पुढे ढकलली, मुलाला स्वस्त शाळेत घातले, घोडा विकला. १८९३ मध्ये गोऱ्या नोकरदारांना त्यापोटी खास भत्ता मिळाला.

आता हीच पत्रे दादाभाई नौरोजींच्या मांडणीशेजारी ठेवा. १८७० च्या दशकापासून दादाभाई सांगत होते की हिंदुस्थानची संपत्ती होम चार्जेस, म्हणजे हिंदुस्थान सरकार दरवर्षी इंग्लंडमध्ये चुकवत असलेला खर्च, यांबरोबरच गोऱ्या नोकरांनी मायदेशी धाडलेल्या बचतीतूनही वाहून जाते. कलेक्टरच्या पत्रासोबत आईच्या नावाची जी हुंडी जाते, ती त्या प्रवाहातली आहे. ‘सोबत हुंडी जोडली आहे, थोरल्याची फी आधी भर’ असे लिहिणाऱ्याच्या मनात देश लुटण्याचा विचार नसतो. तो मुलाचा विचार करत असतो. पण तो भत्ता शेवटी भरला तो इथल्या रयतेने. खाजगी पत्र आणि अर्थशास्त्र इतके जवळ येण्याची जागा मला दुसरी माहीत नाही. तुमच्या प्रबंधात हे एक प्रकरण झाले तर फार बरे.

दख्खनसाठी पत्र कुठून लिहिले तेही बघा. थंडीत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कलेक्टर आणि त्याचे असिस्टंट दौऱ्यावर असत. तंबूतून लिहिलेल्या पत्रात गावे, विहिरी, पिके, पाटील, मामलेदार दिसतात. पावसाळ्यात पुण्याहून किंवा उन्हाळ्यात महाबळेश्वरहून लिहिलेल्या पत्रात जेवणावळी, घोड्यांच्या शर्यती आणि बढतीची कुजबुज. जिल्ह्याची माहिती हवी असेल तर मुक्कामाची पत्रे आधी काढा. वऱ्हाडात रस असेल तर आल्फ्रेड लायल विसरू नका. हा पाद्र्याचा मुलगा, १८५७ मध्ये बुलंदशहरला असिस्टंट होता, १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर झाला. १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर त्याने संपादले, १८७२ मध्ये वऱ्हाडातल्या लोकधर्मावर निबंध छापला, आणि या सगळ्या काळात आईला आणि बहिणींना नियमित लिहीत राहिला. एकच माणूस, एकच मुलूख, तीन वेगळे वाचक. गॅझेटिअरमध्ये ठाम असलेला लायल घरी लिहिताना या परमुलखातल्या आयुष्याला विटलेला आणि शंकेखोर दिसतो. तिन्ही शेजारी ठेवून वाचण्याची अशी सोय क्वचित मिळते.

छापील पत्रसंग्रह वापरणार असाल तर संपादक कोण आणि त्याला काय राखायचे होते, ते पाहा. १८५७ मध्ये दिल्लीच्या शाहजाद्यांना गोळ्या घालणाऱ्या हॉडसनची पत्रे त्याच्या पाद्री भावाने १८५९ मध्ये छापली. हॉडसनवर पैशाच्या अफरातफरीचेही आरोप होते, आणि भावाला त्याचे नाव स्वच्छ करायचे होते. अशा पुस्तकात गाळलेल्या ओळी कुठे असतील याचा अंदाज बांधता येतो, पण मूळ पत्र पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टरने मात्र हे स्वतःच कबूल केले. तो सरकारी अधिकारी नव्हता. १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, यांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने होता. त्या मराठा दरबारातून त्याने आईला आणि आप्तांना पत्रे लिहिली, त्यांत गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे लांबलचक वर्णन आहे. १९५३ मध्ये ती छापताना त्याने प्रस्तावनेत लिहिले की ज्यांच्यावर माझे प्रेम होते त्यांना रिझवण्यासाठी मी लिहीत होतो, त्यामुळे दूरच्या, दुर्मीळ गोष्टींचे घरगुती विनोद करून टाकण्याकडे माझा कल झाला. इतर कुठल्याही संग्रहाला हात घालण्याआधी ती प्रस्तावना वाचा.

प्रत्येक पत्राला जोड म्हणून इथला कागद हवाच. दुष्काळावरच्या पत्राचे उदाहरण देतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळासाठी नेमलेला सरकारी प्रतिनिधी रिचर्ड टेंपल याच्या सांगण्यावरून कमी केली गेली. गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि अर्धा आणा. अधिकारी घरी लिहितो की मजूर हट्टीपणाने काम सोडून गेले. तेच महिने पुणे सार्वजनिक सभेच्या दुष्काळी वृत्तांतांत पाहा. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेने तालुक्यातालुक्यातून माहिती मागवून ती सरकारला सादर केली होती. तिथे तोच प्रसंग उपाशी माणसांनी केलेला संप म्हणून येतो. १८४९ पासूनचा ‘ज्ञानप्रकाश’, १८८१ पासूनचा ‘केसरी’, पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे), मुंबईच्या पुराभिलेखागारातले महसूल आणि न्याय खात्यांचे खंड हे सगळे आपल्याच दारात आहे. मोडी येत नसेल तर विलायतेची पत्रे वाचण्याआधी मोडी शिका. नाहीतर प्रबंध साहेबाच्या खिडकीतूनच लिहिला जाईल.

मूळ पत्रे मुख्यतः लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंडिया ऑफिसचे दप्तर १९८२ पासून तिच्याकडे आहे आणि त्याच्या खाजगी कागदपत्रांना ‘एमएसएस युर’ या खुणेने क्रमांक दिलेले आहेत. लायलचे कागद ‘एफ १३२’, मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे ‘एफ ८८’. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या मुंबई इलाख्याच्या नोंदी ‘एन ३’ या मालिकेत आहेत आणि त्यांतला मोठा भाग वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने १९६० च्या दशकापासून निवृत्त अधिकारी आणि त्यांच्या बायका यांच्याकडून पत्रे, आठवणी, घरगुती चित्रफिती गोळा केल्या. बायकांची पत्रे मुद्दाम मागा. दुधाचा भाव, आयाचा पगार, कॉलऱ्याची साथ नोकरांच्या वस्तीत कधी आली, हे त्यांच्याकडेच मिळते. अमुक साली अमुक साहेब कुठे नेमलेला होता हे तपासायला छापील ‘सिव्हिल लिस्ट’, म्हणजे अधिकाऱ्यांच्या नेमणुकांची सरकारी यादी, वापरा. पत्रावर तारीख नसेल तर तिच्यावरून वर्ष ठरवता येते.

वाचनाची एक अडचण प्रत्यक्ष कागद समोर आल्यावरच कळते. टपालहशील आणि कागद वाचवण्यासाठी लोक पान भरले की ते आडवे फिरवून त्याच ओळींवर काटकोनात पुन्हा लिहीत. कागद पातळ, मागची शाई पुढे उमटलेली. पहिल्या नजरेला जाळीशिवाय काही दिसत नाही. घाई करू नका. पान एका दिशेने धरून फक्त त्या दिशेच्या ओळी वाचा, ओळीखाली पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा आणि आडवा मजकूर डोळ्याआड करा. परवानगी असेल तर फोटो काढून पडद्यावर मोठा करून फिरवा. दुसरा थर बहुधा नंतरच्या दिवशीचा असतो, लेखणी आणि शाईची छटा बदललेली असते, त्यावरून वाट सापडते. हस्ताक्षर तेच असल्यामुळे आठवडाभरात डोळा बसतो.

पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात किंवा तिकिटांच्या व्यापाऱ्याकडे असे पत्र कधी दिसलेच, तर पाकीट आणि आतला कागद एकत्र घ्या. तिकिटे जमवणारे पाकीट ठेवतात आणि पत्र रद्दीत टाकतात. पाकिटावरचे शिक्के हे पत्र कोणत्या मार्गाने, किती दिवसांत गेले ते सांगतात. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आम्लरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवा.

शेवटचा मुद्दा अवतरणांचा. दीडशे वर्षांपूर्वीचे पत्र म्हणजे ते आपोआप सर्वांसाठी खुले झाले असे नाही. ब्रिटनच्या कायद्यानुसार, लेखक १९६९ पूर्वी वारला असला तरी १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाचा हक्क २०३९ च्या अखेरपर्यंत चालतो. पत्र ग्रंथालयाच्या मालकीचे असले तरी मजकुराचा हक्क बहुधा वारसांकडे असतो. प्रबंधातल्या छोट्या अवतरणांना सहसा अडचण येत नाही, पण पुस्तक छापताना परवानगी लागते. त्यासाठी ग्रंथालयाच्या अधिकाऱ्यांमार्फत वारसांना लिहा, आणि त्या पत्रातच विचारा की घरात आणखी काही उरले आहे का. ग्रंथालयाला दिलेल्या संग्रहातून कुटुंबे अनेकदा काही पत्रे मागे ठेवतात: मुलांना लिहिलेली, आजारपणातली, एखाद्या भांडणातली. तुम्ही कोण, कुठले, त्यांच्या पणजोबांच्या जिल्ह्याशी तुमचा काय संबंध, हे सरळ सांगितले की लोक बहुधा आनंदाने दाखवतात. त्या जिल्ह्याचा आजचा एखादा फोटो सोबत जोडा, आणि प्रबंध पूर्ण झाला की प्रत पाठवण्याचे कबूल करून ती नक्की पाठवा.